कडेचा व्हर्लिन

नाताळच्या आदल्या आठवड्यात माझा धाकटा भाऊ व्हर्लिन दिव्यांची माळ लावताना शिडीवरून पडला आणि घोटा मोडून बसला. शिडीवर चढू नकोस असं त्याला बायकोने, मुलाने, अगदी चर्चच्या पाळकांनीसुद्धा बजावलं होतं. बर्फात पडल्या पडल्या तो एवढंच म्हणाला, "माळ मात्र सरळ लागलीय."

आमच्या मिनेसोटात पुरुषमाणूस दुखतंय असं कधी म्हणत नाही. 'तितकंसं बरं नाही' म्हणाला की समजायचं, हाड मोडलंय.

दुसऱ्या दिवशी सकाळीच माझ्या भावजयीचा, आर्डिसचा फोन आला. "लव्हॉन, तुझी नागमोडी कडा कापणारी कात्री घेऊन ये. आणि गोंद. असेल तेवढा."

"काय झालं?"

"त्याला पडून पडून आत्ताच कंटाळा आलाय. माझ्या नाताळच्या चिकटवह्या बघायच्यात म्हणतो."

"मग बघू दे की."

"अगं, तो त्यात कुठेच नाहीये!"

लग्न झाल्यापासून आर्डिसने दर नाताळचं एक पान केलं आहे. जानेवारीत बर्फ खिडकीला टेकला की आम्ही बायका चर्चच्या तळघरात जमतो. कोणी नूडल्स-कोंबडीचं मोठं भांडं आणतं, कोणी कॉफी, आणि जी ती आपल्या घरच्या नाताळचे फोटो कापून रंगीत कागदावर लावते. त्यात आर्डिसचा हात धरणारी कोणी नाही. चौकोनी फोटो तिला बघवत नाही. कुठे सूचिपर्णी झाड, कुठे घंटा, कुठे चांदणी अशा आकारात ती फोटो कापते. व्हर्लिनने मात्र त्या वह्या कधी उघडल्या नव्हत्या. तो जानेवारीत गोठलेल्या तळ्यावर मासे धरायला जायचा.

मी पोचले तेव्हा त्यांचा मुलगा व्हर्लिनला प्लास्टर घालायला घेऊन गेला होता. वह्या टेबलावर मांडलेल्या होत्या. आर्डिस म्हणाली ते खरंच होतं. मुलं होती, आई-बाबा होते, मी होते. ज्या वर्षी कुत्र्यानेसुद्धा नाताळचा उग्र वासाचा लुटफिस्क मासा हुंगून सोडून दिला, त्या वर्षीचं कुत्रंही होतं. व्हर्लिन नव्हता.

कारण साधं होतं. कॅमेरा त्याचा. तो स्टँडवर लावायचा, टायमरचं बटण दाबायचा आणि पळत सुटायचा. टेबल, खुर्च्या, मुलं ओलांडून पोचेपर्यंत कॅमेरा वाजायचाच. त्यामुळे प्रत्येक फोटोत तो अगदी कडेला, एक पाय हवेत. आणि झाडाच्या आकारात फोटो कापला की पहिली जाते ती कड.

"मी मुलांकडे बघत होते गं," आर्डिस म्हणाली. "आणि घंटेत तर तो मावतच नाही. उंच आहे."

"चांदणीत?"

"चांदणीत त्याचं कोपर आहे. एका ठिकाणी." ती खुर्चीत मटकन बसली. "त्याला वाटेल, एवढ्या वर्षांच्या संसारात मी त्याला वगळलं. बोलणार नाही. पण वाटेल. आणि मग तो नाताळभर 'ठीक आहे' म्हणत बसेल. ते मला सहन होणार नाही, लव्हॉन."

"कात्रणं टाकलीस का?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी चांगलं लोणी टाकलंस का विचारलं होतं. आत गेली आणि बिस्किटांचे पत्र्याचे डबे छातीशी धरून आली.

डब्यांत माझा भाऊ होता. अर्धा, पाव, उभा चिरलेला. कान, मिशी, धावणारे बूट. आम्ही त्याला टेबलावर पसरलं आणि कामाला लागलो.

"हा तपकिरी स्वेटर कधीचा?" आर्डिसने विचारलं.

"आईने विणला त्या वर्षीचा. एक बाही लांब आहे बघ."

"याला केस आहेत."

"मग सुरुवातीच्या पानांवर घाल."

"ती भरली. इथेच लावते."

"आर्डिस, याच्या आधीच्या पानावर त्याला टक्कल आहे."

"मग टोपी कापून लाव!"

कोणत्या साली कोणी काय घातलं होतं ते मला आजही आठवतं, पण आर्डिसला घाई झाली होती. हाताला येईल तो व्हर्लिन ती गोंदात बुडवायची आणि मिळेल त्या पानावर दाबायची. एका पानावर तो दोनदा उगवला. बाहेर गाडीचं दार वाजलं, तेव्हा तिने शेवटचा तुकडा न बघताच दाबून वही मिटली.

व्हर्लिन कोचावर आडवा झाला, वही पोटावर घेतली. आम्ही दोघी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या. तो पानं उलटत होता. "हं," म्हणायचा. मग पुढचं पान. "हं."

"कशी आहे?" आर्डिसने विचारलं.

"वाईट नाही." म्हणजे फारच आवडली होती. एवढ्यात त्याने अंगठा वर केला. अंगठ्याला तो स्वतःच चिकटला होता, तपकिरी स्वेटरसकट.

"गोंद ओला आहे," तो म्हणाला.

आर्डिसला पुढे काही लपवता आलं नाही. "मी तुला कापलं होतं, व्हर्लिन."

"मला?"

"तुला नाही. कड कापली."

"कडेला मीच होतो."

"माहीत आहे. आता माहीत आहे."

तो अंगठ्यावरच्या स्वतःकडे बघत राहिला. आर्डिसने ॲप्रनचं टोक मुठीत धरलं होतं. मग त्याने तो तुकडा जागेवर ठेवला आणि पान उलटलं. आणि तिथेच थांबला.

मी जवळ जाऊन पाहिलं. बाबांचा शेवटचा नाताळ. मी त्या वर्षी सासरी होते. आणि व्हर्लिन रस्त्यांवरचा बर्फ हटवायच्या गाडीवर. रात्रभर वादळ होतं, तो सकाळी घरी आला. तो नाताळ हुकल्याचं त्याने आम्हाला दोनदाच सांगितलं असेल, पण सांगितलं की जेवण अर्धवट ठेवून उठायचा.

पानावर मात्र तो बाबांच्या शेजारी उभा होता, बाबांच्या खांद्यावर हात ठेवून. हात खरं तर दुसऱ्याच कुठल्यातरी साली लेफ्सेच्या, म्हणजे बटाट्याच्या पोळ्यांच्या, ताटाकडे निघाला होता.

"अरे देवा," आर्डिस पुटपुटली. "ते मी न बघता... काढते मी, थांब."

"काढू नकोस."

"पण तू तिथे नव्हतास."

"माहीत आहे, आर्डिस. गाडी मीच चालवत होतो." त्याने बाबांच्या खांद्यावरचा तो हात अंगठ्याने नीट दाबून बसवला. मग म्हणाला, "बाबांनी हात झटकला नाही, हेच नवल."

आर्डिस हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. आमच्याकडे तसं पाहत नाहीत. सरकून कोचावर तिच्यापुरती जागा तेवढी केली.

"हा कोपरा उचललाय," तो म्हणाला. "गोंद आण. आणि हे बघ, टोपीखाली माझे कान कुठे गेले, तेही शोध."