पुढचा ब्रेक

मिनल मॅडमनी बाबांच्या मोटारसायकलचा पुढचा ब्रेक दाबला. लिव्हर थेट मुठीला टेकला.

"हा लागतच नाही. ब्रेकच्या तारेचा नट कोणी सैल केला?"

मी हेल्मेटचा पट्टा उगाच पुन्हा लावला.

कुरुळीजवळच्या ट्रक पार्किंगमध्ये आम्ही चौदा जण हेल्मेट घालून उभे होतो. कंपनीचा नवा नियम होता: दुचाकीवरून येणारा नवा असो की जुना, हे प्रशिक्षण पार केल्याशिवाय गाडीला गेटपास नाही. बाबांच्या जागी मला नोकरी लागली होती. शिफ्ट सकाळी सहाची, आणि काळेवाडीहून त्या वेळेला पोहोचवणारी बस नाही.

"मॅडम, आमी जुने सगळेच सैल ठेवतो," मागून किसनकाका म्हणाले. बाबांबरोबर त्यांनी एकोणीस वर्षं एकाच लाइनवर काढली होती. "पुढचा दाबला की माणूस तोंडावर पडतो. पायाचा दाबायचा, संपलं."

"आणि पुढचा ट्रेलर थांबला तर?"

"मग देवाचं नाव घ्यायचं, मॅडम," कोणीतरी म्हणालं. दोघेतिघे हसले आणि माझ्याकडे लक्ष जाताच थांबले.

बाबा फेब्रुवारीत गेले. पुढचा ट्रेलर थांबला, त्यांनी ब्रेक मारला, मागचं चाक जाम होऊन गाडी आडवी घसरत गेली. हेल्मेट होतं. पट्टाही लावलेला होता. पंचनाम्यात लिहिलं होतं, एकाच टायरचा घसरल्याचा माग, बावीस फूट. गाडीला मात्र खरचटण्यापलीकडे काही झालं नव्हतं.

बाबा पुढचा ब्रेक सैल ठेवत नसत. अपघाताआधीच्या रविवारी रावेतच्या मोकळ्या रस्त्यावर ते मला गाडी शिकवणार होते. मी बसण्याआधी त्यांनी उकिडवं बसून पान्याने तो नट सोडवला. "घाबरून हाच दाबशील आणि पडशील," म्हणाले. "घरी गेल्यावर आवळतो." घरी आईने ताटं वाढून ठेवली होती. मंगळवारी ते गेले. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं, आईलासुद्धा नाही.

मॅडमनी पाना माझ्या हातात दिला. किती फिरवायचा ते दाखवलं. मी आवळला आणि पाना खिशात टाकला.

"वेग चाळीस. पिवळा शंकू आला की दोन्ही ब्रेक एकदम. पुढचा झटक्याने नाही, दाबत न्यायचा. पांढऱ्या पट्टीच्या आत थांबायचं. दोन संधी."

पहिल्या वेळी शंकू आला आणि उजव्या हाताची बोटं मिटलीच नाहीत. फक्त पाय दाबला गेला. मागचं चाक घासत बाजूला सरकलं. तो आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता, तरी ओळखीचा वाटला. पट्टी मागे राहिली.

"हात वापरलाच नाहीस," मॅडम म्हणाल्या. "आता एकच."

दुसऱ्या वेळी मी शंकूकडे पाहिलं नाही, पट्टीपलीकडे पाहिलं. हात दाबला, पाय दाबला. गाडीचं तोंड खाली झुकलं, सगळं वजन तळहातांवर आलं. तोंडावर पडणार असं वाटलं. पडले नाही. इंजिन बंद पडलं होतं आणि पट्टी अजून पुढे होती.

मॅडमनी टेप लावली. "मघापेक्षा एकोणीस फूट अलीकडे."

किसनकाका गाडी स्टँडला लावायला पुढे आले. मी हळू आवाजात म्हटलं, "काका, हा नट बाबांनी माझ्यासाठी सोडवला होता. आवळायचा विसरले."

त्यांनी गाडी स्टँडला लावली आणि वाकून त्या नटावर बोट ठेवलं.

"इसरला न्हाई," ते म्हणाले. "सोमवारी पार्किंगमधी त्यानं माझ्याकडं पाना मागितला व्हता. पोरगी गाडी शिकली म्हणून सांगत व्हता. मीच म्हणलं, ऱ्हाऊ दे भीमराज, सैलच बरा."

 मॅडमनी काकांचं नाव पुकारलं, त्यांच्या गाडीचा लिव्हर दाबला. तोही मुठीला टेकला.

"पाना दे, पोरी," काका म्हणाले. त्यांचा हात पुढेच राहिला.

पाना अजून माझ्या खिशात होता. मी तो काढला, पण दिला नाही. त्यांच्या पुढच्या चाकापाशी उकिडवी बसले आणि नट आवळायला लागले.