बत्तीस रिवेटांची डोकी

गाडीची चासी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, कापताना फिटरचा हात जराही हलला नाही, आणि खरं सांगायचं तर त्याला त्याचाच फार गर्व होता. डॉक्टरबाईंच्या आजोबांची चार माणसांची जुनी मोटार. तिची चासी मधून हातभर कमी करायची, खाली बसवायची आणि त्या काळच्या शर्यतवाल्यांसारखी दोन सीटची गाडी बांधायची. डोंगराच्या वळणावळणाच्या रस्त्यावर बाई ती स्वतः पळवणार होत्या. अट एकच होती, जोडाला वेल्डिंग नको. आतून पट्टी लावून जुन्या पद्धतीनं तापवून ठोकलेले रिवेट, म्हणजे दोन्ही टोकांना डोकं असलेले जाड खिळे, हवेत. जोरात वळण घेताना चासी थोडी पिळली जाते, तेव्हा रिवेट ते सोसतात आणि वेल्डिंगच्या कडेला पत्रा तडकतो.

"होऊन जाईल," फिटर म्हणाला. बोलायला काय जातं?

घोडं अडलं ते पुढे. लालबुंद रिवेट एकानं हातोड्यानं ठोकायचा, तेव्हा पलीकडून दुसऱ्यानं लोखंडी ठोकळा दाबून धरायचा असतो. हे काम जाणणारा एकच माणूस त्याच्या माहितीत होता, त्याचे सासरे. गॅरेज मुळात त्यांचंच. आणि दीड वर्षापूर्वी चार गिऱ्हाइकांसमोर, "बाबा, तुमचे हात थरथरतात, उगाच लुडबुड नको, घरी बसा," असं सांगून यानंच त्यांना घरी पाठवलं होतं. म्हातारा डबा उचलून गेला होता. आता त्यांना कोणत्या तोंडानं बोलवायचं?

मग या शहाण्यानं शटर ओढून घेतलं, जोड सरळ वेल्ड केला, ग्राइंडरनं घासून गुळगुळीत केला, आणि नव्या रिवेटांची डोकी कापून वरून बसवली. बत्तीस डोकी, एका ओळीत. काळा रंग मारल्यावर त्याला स्वतःलाही ती खरी वाटायला लागली.

बाईंना काम इतकं आवडलं की त्या फिटरच्या सासऱ्यांनाच घरून घेऊन आल्या. "जावयानं एकट्यानं केलंय. बघा तरी."

सासरे कसेबसे गुडघ्यावर बसले. नजर आता अधू झालेली, म्हणून एकेका डोक्यावरून अंगठा फिरवत गेले. "ओळ सरळ आलीय," एवढंच म्हणाले. फिटरला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण खरं काही त्यानं सांगितलं नाही. बाई परवा गाडी डोंगरावर नेणार होत्या.

दुसऱ्या दिवशी घरी दुपारची जेवणं झाली. बायको भांडी घेऊन आत गेली, तसे सासरे हळूच म्हणाले, "जावईबापू, एक विचारू? राग मानू नका."

"विचारा ना."

"ठोकळा कोणी धरला होता?"

फिटरनं तांब्या उचलून पाणी ओतून घेतलं.

"एकट्यानं रिवेट बसत नाही, हे मला कोणी शिकवायला नको. चांगला माणूस मिळाला असेल तर माझं काही म्हणणं नाही. फक्त..." त्यांनी हात मांडीखाली दडवले. "धरण्यापुरता मी चाललो असतो. त्याला अंगाचा भार लागतो. तेवढा आहे अजून."

वाटेल ते नाव सांगितलं असतं तरी फिटर सुटला असता. एक नाव जिभेवर आलंही होतं. त्याला स्वतःची किळस आली.

"कोणी नव्हतं, बाबा. रिवेटच नाहीत. नुसती डोकी आहेत वरून. आत वेल्डिंग केलंय."

आता शिव्या पडणार म्हणून त्यानं मान खाली घातली. पडायलाच हव्या होत्या.

"म्हणजे तुम्ही दुसऱ्या कोणाला बोलावलं नाहीत?" सासऱ्यांनी विचारलं.

"नाही."

"बरं," म्हातारा म्हणाला, आणि त्याचा चेहरा चक्क उजळला. कालपासून हा माणूस नीट जेवला नव्हता, ते फिटरच्या आत्ता ध्यानात आलं. चार थोबाडीत बसल्या असत्या तर परवडलं असतं.

मग सासरे भानावर आले. "बाईंना फोन लावा. गाडी हलवू नका म्हणावं. का ते तुम्हीच सांगायचं."

बाईंनी लगेच उचलला. "मी तुम्हाला फसवलं," फिटर म्हणाला, आणि पुढचं सगळं भिंतीकडे तोंड करून सांगत राहिला. मागे म्हातारा अजूनही खूश होता, आणि ते त्याला बघवत नव्हतं.