बटणामागचं बिऱ्हाड

"मावशी, एका बटणाचे एवढे पैसे? एका बटणाचे?"

"बटण शर्टाला असतं. तुला जे हवंय त्याला बटण म्हणू नकोस."

"बरं, नाही म्हणत. पण बाजारात हे फुकट मिळतं!"

"मग ने की फुकटातलं. सकाळपासून माझी खुर्ची कशाला अडवून बसलायस?"

जिच्यावरून हे रण पेटलंय ती मी. हो, मीच बोलतेय! कॉम्प्युटरवर काही चुकलं की तुम्ही घाईघाईने दोन कळा दाबता आणि केलेलं काम नाहीसं करून एक पाऊल मागे जाता ना, ते 'अनडू' सांभाळणारी मी. मी काही अख्खं सॉफ्टवेअर नाही. दुसऱ्याच्या सॉफ्टवेअरमध्ये आणून जोडायचा एक तयार भाग आहे. या धंद्यात आम्हाला कंपोनंट म्हणतात. मला जन्म दिला बाईंनी, म्हणजे वर भांडणाऱ्या त्या भाच्याच्या मावशीने. भाचा कपड्यांच्या कारखान्यांसाठी स्क्रीनवर साचे आखायचं सॉफ्टवेअर बनवतो. पोरगा हुशार आहे, खोटं कशाला बोलू? फक्त खिशाकडे जाताना त्याचा हात जड होतो.

माझा जन्म रागातून झाला, आणि हे मी मान वर करून सांगते. बाई तेव्हा एका कारखान्यात कपड्यांचे साचे आखायच्या. एकाच कोटावर दोघीजणी काम करत होत्या. बाईंकडे कॉलर, समोरच्या टेबलावरच्या सोबतिणीकडे खिसा. सोबतिणीचा खिसा वाकडा झाला, तिने कळा दाबल्या, आणि बाईंची कॉलर गडप! खिसा आपला वाकडाच्या वाकडा जागेवर. त्या सॉफ्टवेअरला शेवटचं काम कोणतं एवढंच कळत होतं. ते कुणाच्या हातचं, हे त्याच्या गावीही नव्हतं.

"हिने माझं का पुसावं?" बाईंनी विचारलं.

मशीन शिकवायला आलेले गृहस्थ म्हणाले, "ते तसंच असतं."

तसंच असतं! हे दोन शब्द आमच्या बाईंसमोर उच्चारायचे नसतात.

बाई घरी गेल्या आणि शिकायला बसल्या. कॉलेजची पायरी चढलेल्या नव्हत्या, वयही काही शिकायचं राहिलं नव्हतं. पुस्तकं मागून आणली, कधीही न पाहिलेल्या माणसांशी स्क्रीनवर भांडून शंका फेडून घेतल्या, आणि मला लिहायला घेतलं. सुरुवातीला मी फार भयंकर होते! एकदा मागे चालायला लागले की थांबणं माहीतच नाही. रेघ पुसली, साचा पुसला, थेट फाईलच साफ. बाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या, मग मला सणसणीत शिवी हासडली आणि पुन्हा पहिल्यापासून लिहिलं.

ज्याचं काम त्यानेच मागे घ्यावं, हे मी लवकर शिकले. खरी मेख पुढे होती. समजा, तुम्ही कॉलर आखलीत. त्या कॉलरच्या कडेला तुमच्या सोबतिणीने पट्टी जोडली. आता तुम्ही कॉलर मागे घेतलीत, तर तिची पट्टी कशाला लटकणार? हवेला? या एका प्रश्नाने बाईंना वर्षानुवर्षं छळलं. भाजी चिरता चिरता त्या सुरी खाली ठेवायच्या आणि ओल्या हातांनी माझ्याकडे धावत यायच्या. शेवटी जमलं! अशी गाठ पडली की मी थांबते, दोघांच्याही स्क्रीनवर ती जागा उजळून दाखवते आणि दोघांना विचारते. परस्पर कुणाचंही काही पुसत नाही.

त्यानंतर मी जग पाहिलं. घरांचे नकाशे काढणाऱ्या ऑफिसात राहिले, शाळेचं वेळापत्रक लावणाऱ्या शिक्षकांत राहिले. माणसं मोठी गमतीची! पहिल्यांदा मला हळूच दाबतात, चोरून. दुसऱ्यांदा जोरात. तिसऱ्यांदा तर टेबलच हादरतं. चूक स्वतःची आणि मार मला. काहीजण मागे जात जात थेट सकाळच्या कामापर्यंत पोहोचतात आणि म्हणतात, "अरे, हेच तर चांगलं होतं!" मग बराच वेळ छताकडे बघत बसतात. एकाचा चहा कागदांवर सांडला, तर गड्याचा हात आधी कळांकडे गेला! एका ठिकाणी मात्र मला विकत घेऊन नुसतंच कोपऱ्यात टाकलं होतं. जोडलंच नाही. ते दिवस आठवले की अजून अंग आक्रसतं.

तर भाच्याचं. आधी त्याने फुकटातलं एक जोडून पाहिलंच होतं. गिऱ्हाइकाच्या कारखान्यात नेमकं तेच घडलं, खिसे आखणाऱ्या एकीने कळा दाबल्या आणि दुसरीची कॉलर गेली. आता त्या दोघी एकमेकींशी बोलत नाहीत, आणि मालकिणीने भाच्याला बजावलंय, "हे नीट करा, नाहीतर तुमचं सॉफ्टवेअर उचला." ते कारखान्याचं काम गेलं तर त्याच्या दुकानाला टाळंच. म्हणून स्वारी मावशीकडे.

"महिनाभरात मीच लिहीन असलं," तो म्हणाला.

"लिही की. मी काय पेन लपवलंय तुझं?"

त्याने आपले दोन लॅपटॉप उघडले, बाईंनी मला त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये चाचणीपुरतं जोडलं. एकावर तो, एकावर बाई. बाईंनी कॉलर आखली. त्याने मुद्दाम, लबाड कुठला, तिच्या कडेला पट्टी जोडली, वर पट्टीला टाके घातले, टाक्यांवर काज पाडलं. "दाब आता," म्हणाला. बाईंनी दाबलं. मी धावले, गाठ शोधली, थांबले. दोन्ही स्क्रीनवर ती कड उजळली आणि माझा प्रश्न उमटला: कॉलर जातेय, पट्टीचं काय करायचं? त्याचं काज जागेवर, टाके जागेवर. एक ठिपका हलला नव्हता!

भाचा उठून उभाच राहिला. "मावशी! हे कसं केलंस गं?"

"वय घालवून."

वाटलं, मिटलं. कसलं मिटतंय! लगेच स्वर बदलला. "अगं, मी काय परका आहे? अर्ध्यात दे ना."

"आणि बाकीच्यांना काय सांगू? तेही उद्या अर्ध्यात मागतील. मग मला पुन्हा कारखान्यात जाऊन साचे आखावे लागतील. हिच्याकडे कोण बघणार? कॉम्प्युटरवाले दर थोड्या दिवसांनी काहीतरी बदलतात, आणि हिचं कुठेतरी मोडतं. ते मी रोज उठून बघते. तू पैसे कळा दाबायचे देत नाहीयेस बाळा, माझ्या उठण्याचे देतोयस."

हे ऐकून मी गार पडले. बाई कामावर गेल्या तर मला वाली कोण? पहिल्याच बदलात माझी माती होईल, आणि मी जिथे जिथे राहते तिथल्या कॉलरी पुन्हा गडप!

"आईला सांगीन हं मी," भाचा म्हणाला.

"सांग. तिनेच लाडावून ठेवलंय तुला."

आज मी भाच्याच्या त्या गिऱ्हाइकाच्या कारखान्यात राहते, थाटात! कॉलरवाली आणि खिसेवाली पुन्हा बोलायला लागल्यात. मुख्यतः एकमेकींची उणीदुणीच काढतात, पण बोलतात. बाई अजून रोज सकाळी माझी नाडी बघतात. तुमच्याकडे माझं मागणं एवढंच: दाबताना मला खुशाल बटण म्हणा, पण किंमत ऐकून भुवया चढवायच्या आधी, माझ्यामागे कोण बसलंय तेवढं विचारा.

भाच्याने पूर्ण किंमत मोजली. ज्या वाक्यावर मोजली, ते सांगते. "घरच्या माणसाला फुकट दिलंस तर काय बिघडेल?" हा त्याचा शेवटचा पत्ता होता. बाईंनी मला जोडलेला त्याचा लॅपटॉप मिटला, उचलून त्याच्या हातात ठेवला आणि म्हणाल्या, "फुकट हवंय ना, ने, पण मग ज्या दिवशी हे बंद पडेल त्या दिवशी तुझा फोन मावशीला येईल, आणि मावशी 'जेवलास का?' एवढंच विचारेल."