पहिल्या रांगेतली मान

"जगात दुःख आहे. आता त्याचं कारण ऐका," असं माईकवर जाहीर करून धोंडिरामनानांनी बोट वर केलं आणि ते बराच वेळ वरच राहिलं, कारण पुढचं पान गेल्या वर्षीच्या समारोपाच्या खिरीनं चिकटलेलं होतं.

सोलापुरातल्या त्यांच्या वस्तीत वर्षावासाचे तीन महिने विहारात रोज संध्याकाळी धम्मग्रंथाचं वाचन होतं, आणि वाचायचा मान नानांचा. नोकरी कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपात झालेली, त्यामुळं आवाज घणाशी भांडून तयार झालेला. मिशी मात्र कुणाशीही न भांडता वाढलेली. वरच्या ओठावरून उतरून ती खालच्या ओठाची विचारपूस करायची.

पहिल्या रांगेत त्यांच्या बायकोची, मीनाबाईंची जागा. पांढरं पातळ, नजर नानांच्या तोंडावर, वाक्यागणिक मान डोलणार. ऐकावं कसं ते हिच्याकडून शिका, असं नाना मागं पेंगणाऱ्यांना सांगायचे. घरी मात्र चहा मागितला की पाणी यायचं, आणि नाना सुनेदेखत विचारायचे, विहारातलं लक्ष घरी येताना कुठं सांडतं? पुढंपुढं त्यांनी घरात बोलणंच सोडलं. सम्यक वाचा म्हणजे कमी बोलणं, हा अर्थ त्यांना सोयीचा पडला.

त्या दिवशी वाचन ऐन सम्यक वाचेवर आलं आणि माईक बंद पडला. मागून ओरड झाली, नाना, काय बी ऐकू येईना. शेजारचा धम्मदीप वायरी हलवायला उठला. नाना थांबले, मिशीवरून हात फिरवत बसले. तोंडावर हात, आवाज बंद. आणि मीनाबाईंची मान डोलत होती.

नानांनी हात काढला नाही. मान डोलतच राहिली.

माईक सुरू झाला तेव्हा नानांनी ग्रंथ धम्मदीपकडं सरकवला. घसा बसलाय म्हणाले.

घरी मीनाबाई भाकरी थापायला बसल्या. नानांनी वर्कशॉपातला आवाज काढून विचारलं, तुला कधीपासून ऐकू येत नाही? पलीकडच्या घरातून गंगम्मांनी कळवलं, मला येतंय की.

मीनाबाईंनी आच कमी केली. "गेल्या वर्षीच सांगितलं हुतं की. तुमी वाचत बसला हुता. म्हनला, दुःख समद्यांनाच हाय."

नानांना आठवलं. बोलून झाल्यावर, वा, काय बोललो, असं वाटल्याचंही आठवलं.

मग विहारात रोज कशाला बसतेस, हे त्यांनी हातानंच विचारलं.

"तितं तुमी माज्याकडं तोंड करून बोलता."

 नाना तिच्यासमोर फरशीवरच बसले आणि एकेक शब्द सुटा करून बोलू लागले. चुकलं माझं. तुझं दुःख तेवढं मला दिसलं नाही. उद्या कानाच्या डॉक्टरकडं जाऊ. आजपासून तोंड वळवून बोलणार नाही. घरात एवढं लांबलचक ते लग्नापासून बोलले नसतील. बोलताना डोळे भरले, तरी थांबले नाहीत.

मीनाबाई डोळे बारीक करून त्यांच्या तोंडाकडं बघत होत्या. बोलणं संपल्यावर त्यांनी पिठाचं बोट नानांच्या नाकाखाली धरलं.

"मिशी तेवढी कातरा की. निम्मं तिच्यातच ऱ्हातंय."