दगडावर अर्धे चढलेले चाक

मित्रांनो, मी एक जुने चाक आहे. मैलोन्मैल चालले आहे, तेही एकाच खोलीत.

तो दिवस अगदी साधा होता. उंच खिडक्यांतून उन्हे चाचणीच्या खोलीतल्या वाळूवर उतरली होती आणि चाके फोडून तपासणारे आमचे तोडफोडकाका गुडघ्यांवर बसून माझ्या वाटेत एक दगड पुरत होते. दगड त्यांच्या मुलीने आणला होता. ती नेहमीच आणायची. लहानपणी फ्रॉकच्या खिशातून, मोठेपणी पर्समधून. सुळ्यासारखे टोकदार. काकांच्या हातावर ठेवून एवढेच म्हणायची, "वाटेत सापडला."

"लोकांच्या मुली बापाला स्वेटर आणतात," फिटरमावशी म्हणाल्या, "तुमची धोंडे आणते!"

"स्वेटरनं चाक फुटतं का?" काका म्हणाले.

मला अ‍ॅल्युमिनिअमच्या ठोकळ्यातून कोरून काढले. अंग नखासारखे पातळ ठेवले, कारण दूरच्या ग्रहावर जायचे तर हलके हवे. पण जाणार होती माझी भावंडे. मी इथेच राहणार होते, फुटेपर्यंत चालण्यासाठी. मी जिला जोडलेले होते त्या चाचणीच्या गाडीला तर मेंदूही नव्हता. त्या ग्रहावर सगळ्याचेच वजन कमी भरते, म्हणून इथेही तिचे वजन तेवढेच भरावे यासाठी तिचे जड भाग बसवलेच नव्हते. मावशी तिला लाडाने 'बिनडोक' म्हणत. पण तिचे सांधेदार पाय शहाणे होते. मी दगडावर चढले तरी बाकीची पाच चाके वाळू सोडत नसत.

प्रत्येक फेरीनंतर काका माझ्यावर तळवा फिरवत. डोळ्यांना न दिसणारी चीर त्यांच्या बोटांना आधी कळे. "फुटायचं ते इथंच फुटून घे," ते म्हणत, "म्हणजे तिकडं कुणी अडकायचं नाही." मित्रांनो, इतक्या मायेने मोडणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. त्या हाताखाली मला स्वप्ने पडत. लाल, निःशब्द मैदान, लांबच लांब सावल्या, आणि माझ्याच नक्षीचे ठसे उमटवत चाललेली भावंडे.

त्या संध्याकाळी मी दगडावर अर्धे चढले होते. मुलगी दारात आली.

"चला ना बाबा, आई जेवायची थांबलीय."

काका मला कधी अर्ध्यावर सोडत नसत. त्या दिवशी मात्र त्यांनी गाडी चालवायचे बटण सोडले. "चल. दगड कुठं पळून जातोय? उद्या बघू."

रात्री झोपेतच ते गेले.

मग माझ्यावर कापड आले, कापडावर धूळ आली. ना चढलेले ना उतरलेले असे मी तिथेच उभे राहिले. कुणी हात लावायला धजावेना. भावंडे त्या ग्रहावर सुखरूप उतरली, त्या दिवशीच्या टाळ्या मी कापडाखालूनच ऐकल्या. पुढे नव्या गाडीसाठी जागा हवी झाली आणि मी भंगारात जाणार हे ठरले. भंगाराचे मला भय नव्हते. तेवढा दगड राहून जाऊ नये, एवढेच वाटत होते.

मावशींनी मुलीला बोलावून घेतले. "उद्या उचलतील गं या बिनडोकला. काकांचं राहिलंय तेवढं तू कर. बटण दाबून धरायचं, मध्येच सोडायचं नाही." एवढे सांगून त्या बाहेर गेल्या.

तिने कापड काढले. बटण दाबले. सांधे कुरकुरले, मोटर कण्हली. दगडाचे टोक माझ्या पातळ अंगात रुतले, कट्‌कन आवाज झाला, आणि मी पलीकडच्या वाळूत उतरले.

मित्रांनो, तुम्हाला कुठे अडखळायला लागू नये म्हणून तुमच्या घरातही कुणीतरी झिजत असेल. त्याच्यावरून कधीतरी हात फिरवा. पुष्कळांच्या वाट्याला तो येत नाही.

माझ्या वाट्याला आला. तिने वडिलांसारखाच तळवा माझ्यावरून फिरवला. बोटे नव्या चिरेपाशी थांबली. मग तिने वाळूतून तो दगड उपसला, ओंजळीत धरला आणि रिकाम्या खोलीत मोठ्याने म्हणाली,

"बाबा, वाटेत नव्हता सापडला. एकही नाही. मी मुद्दाम शोधायला जायचे."