कौल आणि कठडा

मी खाट बोलतेय. मस्कतमधल्या एका हॉस्पिटलातली, बायकांच्या वॉर्डातली लोखंडी खाट. चाक कुरकुरतं, रंग उडालाय, पण नजर शाबूत आहे. बायका दाताखाली चादर धरून कळा कशा गिळतात, आणि भेटायला आलेले पुरुष पायथ्याशी बसून त्यांच्याच वाट्याची सफरचंदं कशी खातात, सगळं पाहिलंय. मला गोड बोलता येत नाही. भट्टीतून निघाले, हातोडे खाल्ले. बोलणं मऊ कुठून येणार?

जहाजाच्या पोटातून उतरले ती थेट या वॉर्डात आले. माझ्या दोन्ही बाजूंना कठडे. खिटी ओढली की कठडा धाडकन खाली येतो. पेशंट पडू नये म्हणून ते लावलेले. पण लोखंडाला एकच काम येतं असं कोणी सांगितलं?

माझ्यावर कितीजणी निजल्या आणि उठून गेल्या. लक्षात राहिली ती सुगंधा.

कुडाळकडची. इथे मस्कतच्या दार्सैत भागात राहायची, घावणे-उसळीचे डबे करायची. गर्भपिशवीत सोललेल्या नारळाएवढी गाठ. महिनोन्‌महिने रक्त जात होतं आणि ही बया जुन्या चादरीचे तुकडे बांधून शेगडीपुढे उभी. नवरा दयानंद लांब दुक्मच्या बंदरावर क्रेन चालवायचा. "सुट्टी मिळांदे, मगे बघूया," हे त्याचं ठरलेलं उत्तर. शेवटी ती स्वयंपाकघरात कोसळली, तेव्हा शेजारणींनी टॅक्सीत घालून आणली.

डॉक्टर रशीदा इथलीच, ओमानी. बोलण्यात पाल्हाळ नाही. "पिशवी काढायची. आज. नाहीतर ही जगत नाही." सुगंधाने सही केली.

वॉर्डबॉय कासम मला ऑपरेशनला ढकलत न्यायला लागला, तेवढ्यात शेजारणींनी कळवल्यावर निघालेला दयानंद आला. अंगावर दुक्मची धूळ, कानाला फोन. फोनवर त्याचा भाऊ, गावच्या देवळातून बोलत होता. देवीला कौल लावला होता. पाषाणावर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार.

"डावी पडली रे!" भाऊ ओरडला. सगळ्या वॉर्डाने ऐकलं.

दयानंदने माझा कठडा दोन्ही हातांनी धरला. "देवी नको म्हणता! खाट हलाची नाय!"

"भाई, छोडो. खून जा रहा है," कासम म्हणाला.

दयानंदने त्याला असा ढोसला की तो भिंतीवर आदळला. सलाइनचा दांडा आडवा झाला, सुगंधाच्या हातातली सुई उपटली गेली, रक्ताची चिळकांडी माझ्या उशीवर. खालून तर गादी केव्हाच भिजली होती. थेंब माझ्या पट्ट्यांवरून फरशीवर टपटपत होते.

"अर्बाब, मालक कोण आहे इथे?" रशीदा कडाडली. "सही तिची आहे. मला तेवढी पुरे. यल्ला, बाजूला हो!"

"पिशवी काढल्यार झील खंयसून होतलो?" दयानंदही ओरडला. "आमका एक झील नको?"

आता कळलं ना? देवीला पुढे करायचं आणि मागून पोरगा मागायचा.

सुगंधाचे ओठ पांढरे पडले होते. तरी ती कोपरावर उठली. "तुमी देवीक इचारलास, भावाक इचारलास. मरतंय मी, तर माका कोणी इचारल्यान?"

"गप रव तू."

"हात काढ."

लग्न झाल्यापासून त्याला तिने अरेतुरे केलं नव्हतं. तो हसला. हात तसेच.

तिने खिटी ओढली.

मी कठडा सोडला, आणि खरं सांगते, होता नव्हता तेवढा जोर लावून सोडला. त्याची बोटं दोन दांड्यांमध्ये सापडली. कडाड्‌! तो बोंबलत गुडघ्यांवर बसला, कासमने मला ढकललं, आणि आम्ही दारातून आत.

दाराआड कापाकापी झाली. तिला टेबलावर घेऊन मला बाहेर सारलं होतं. मग रशीदा आली. हातात रक्ताने भरलेलं भांडं, त्यात ती गाठ. नातेवाइकांना दाखवायची रीतच आहे. बोटांना पट्टी बांधलेल्या दयानंदपुढे तिने भांडं धरलं.

"बघ नीट. आणखी थोडा वेळ गेला असता तर चादर वर करून तुला तिचं तोंड दाखवलं असतं."

तो भिंतीला घासत खाली बसला आणि भडाभडा ओकला.

सुगंधा वाचली. पण वाचणं सोपं नसतं हो! खोकला आला की टाके फाटल्यासारखे व्हायचे. कासमची बायको कुलसुम याच वॉर्डात नर्स. तिने जबरदस्तीने उभी केली तेव्हा सुगंधाने माझे दांडे आवळून तिचं सगळं खानदान उद्धारलं. कुलसुम हसत म्हणाली, "गाली दो, पर चलो." आणि ती चालली.

दयानंद बाजूला बसून असायचा. एक दिवस पुटपुटला, "घराक जावया?"

"माका वाटात तेवां," ती म्हणाली आणि कूस वळवली. त्याने मान हलवली. भावाचा फोन वाजला तो त्याने उचलला नाही.

त्या दिवशी माझा कठडा वाकला तो पुन्हा सरळ झाला नाही. आता बटणावर वर-खाली होणाऱ्या खाटा आल्यात, आणि मी हॉस्पिटलमागच्या उन्हात भंगाराची वाट बघतेय. वितळायला मी भीत नाही, भट्टीतूनच आलेय. एवढंच मागते: माझी कुलपं करू नका, कड्या करू नका, बायकांना कोंडायला त्या उदंड आहेत. विळी करा, सांडशी करा. बाईच्या मुठीत बसेल असं काहीतरी करा.