मागच्या दाराचा नंबर

वायरमन आला तो एक दिवस आधीच. हातात पेटी, काखेत घडीची शिडी.

"तुमचं काम उद्याचं होतं मावशी, पण आजचं एक गिऱ्हाईक ऐनवेळी फिरलं. म्हटलं तुमचं उरकून टाकू. साहेबांना फोन केलाय, हो म्हणाले."

आईने दार सताड उघडलं. थोरल्याने आठवडाभर आधीच तिला सांगून ठेवलं होतं, "आई, आम्ही दोघं कामावर, चिमणी शाळेत. तू दिवसभर एकटी. मला तिकडे चैन पडत नाही गं. अलार्म बसवून घेऊ." ऐकून तिला भरून आलं होतं. उतारवयात अशी काळजी कुणाच्या वाट्याला येते? त्या दिवशी देवापुढे हात जोडताना तिने थोरल्यासाठी आणि सूनबाईसाठी चार शब्द जास्तीचे मागितले होते.

"वायर कुठून ओढणार? भिंती फोडू नका हं."

"वायर नाहीच. सगळं हवेतून चालतं."

"मग तुम्ही वायरमन कसले?"

तो शिडी उघडता उघडता हसला. "बायकोही हेच म्हणते. पन्नाशी आली, आता कुठे नाव बदलू?"

पेटीतून त्याने पांढरी, डब्याएवढी चौकोनी वस्तू काढली. तिला बोटभर लांब एरियल होती. "हा रिसीव्हर. हा घराचा कान. दारं-खिडक्यांवर हे छोटे सेन्सर बसतात, त्या जिभा. दार उघडलं की जीभ बोलते, कान ऐकतो आणि पॅनेलमार्फत साहेबांच्या फोनवर सांगतो."

"म्हणजे घरात एक नणंद आणून ठेवलीत म्हणा की!"

"पण ही चहा मागत नाही."

दोघं मनापासून हसले. आईने त्याला मात्र चहा दिला.

रिसीव्हर आधी लोखंडी कपाटावर ठेवून पाहिला. त्याच्यावरच्या तीन दिव्यांपैकी एकच लागला. लोखंडाशेजारी याला नीट ऐकू येत नाही, वायरमन म्हणाला. मग फ्रीजपासूनही लांब, बोळाच्या तोंडाशी, खांद्याच्या वर जागा ठरली. तिथे तिन्ही दिवे लागले. दोन स्क्रू, एक प्लग, आणि कान भिंतीवर बसला. त्याच्या शेजारी आकड्यांच्या बटणांचं पॅनेल लागलं. आता त्याला एकेक सेन्सर शिकवायचा होता. प्रत्येकाच्या पाठीवर चिकटवलेला सहा आकडी नंबर पॅनेलवर टाकायचा, बॅटरीवरची पट्टी ओढायची, की रिसीव्हर दोनदा पिपी करतो. म्हणजे ओळख पटली.

वायरमनने खिसे चाचपले. एकदा, दोनदा. मग कपाळावर हात मारला.

"चष्मा मागच्या गिऱ्हाइकाच्या माळ्यावर राहिला. मावशी, तुम्हाला बारीक वाचता येतं का?"

"दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालंय माझं. मुंगी कुठल्या पायाने लंगडते तेसुद्धा सांगीन."

ती खुर्ची ओढून पॅनेलखाली बसली. पुढच्या दाराचा नंबर तिने मोठ्याने, एकेक आकडा सुटा करून वाचला. पिपी झालं तशी ती लहान मुलीसारखी खूश झाली. स्वयंपाकघराची खिडकी झाली. गच्चीचं दार झालं.

"आता हा कागद. कुठलं दार कसं ठेवायचं ते सूनबाईंनी आमच्या ऑफिसात लिहून दिलंय. तुम्ही वाचा, मी तसं लावतो."

कागदावरचं गोल गोल अक्षर आईने लांबूनच ओळखलं. रोज सकाळी फ्रीजवर याच अक्षरात चिठ्ठी असे. 'आई, दुपारची गोळी.' 'आई, पाय वर घेऊन बसा.' तिने वाचायला सुरुवात केली.

"पुढचं दार, घर रिकामं असेल तेव्हाच चालू. खिडकी, तसंच. गच्ची, तसंच. मागचं दार, कायम चालू. आई घरात असल्या तरी चालू. उघडलं की लगेच दोघांच्या फोनवर. भोंगा नको. पॅनेलवर आवाज नको. आईंना कळता कामा नये. बुधवारी दुपारी अडीचला हे दार नक्की उघडतं, तेव्हा..."

जिभेच्या ओघात आवाज पुढे निघून गेला होता. अर्थ मागून आला, आणि आला तो थेट छातीवर.

"तेव्हा काय?" वायरमनने पॅनेलवरची नजर न हलवता विचारलं.

"तेव्हा पहिल्या बुधवारी तपासून पाहू," आईने वाचून संपवलं. आज बुधवारच होता. घड्याळात दोन वाजून दहा मिनिटं झाली होती.

बुधवारी अडीचला मागच्या दारी कोण येतं, हे जगात तीनच माणसांना ठाऊक होतं. एक येणारा, म्हणजे तिचा धाकटा. दुसरी ती स्वतः. आणि तिसरी सूनबाई.

दोन वर्षांमागे धाकट्याने दारू पिऊन चिमणीला शाळेतून मोटरसायकलवर आणलं होतं. वळणावर गाडी घसरली. त्याला खरचटलंही नाही, पोरीचा हात दोन ठिकाणी मोडला. थोरल्याने त्याला त्याच दिवशी घराबाहेर काढलं, पुन्हा उंबरा चढायचा नाही म्हणून बजावलं. आई मध्ये पडली नव्हती. धाकट्याची बॅग तिनेच भरून बाहेर ठेवली होती. मग मागच्या वर्षी तो एका बुधवारी मागच्या दारी उभा राहिला. दारू सुटून आठ महिने झाले होते, टायरच्या दुकानात कामाला लागला होता, बुधवारी दुकान बंद. "आत येत नाही. दादाचा शब्द आहे. तुला बघायला आलो." त्याने खरंच उंबरा ओलांडला नाही. तेव्हापासून दर बुधवारी तो पायरीवर बसून जेवायचा, बाहेरच्या नळावर ताट विसळून ठेवायचा आणि जायचा.

आईला हे दोन आठवडेसुद्धा पोटात ठेवता आलं नव्हतं. ज्या पोरीचा हात मोडला तिच्या आईपासून लपवायचं? वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालताना तिने सगळं सूनबाईला सांगून टाकलं. दिवस, वेळ, दार, सगळं. सूनबाईने हातातली घडी बाजूला ठेवली. मग आईच्या मांडीवर डोकं ठेवून हमसून हमसून रडली. "मला त्यांचं तोंड बघायचं नाही. पण तुम्ही आई आहात. घाला जेवायला. हे तुमच्या-माझ्यात राहील." त्यानंतर दर बुधवारी भाजी थोडी जास्त होऊ लागली. सूनबाई बोलायची नाही, पण एक वाटी झाकून निराळी ठेवायची. त्या झाकलेल्या वाटीकडे पाहून आईचे हात आपोआप जुळायचे. देवाने सून दिली की लेक, असं वाटायचं.

'आईंना कळता कामा नये.' भजनातलं ध्रुपद फिरून फिरून यावं तशी ती एक ओळ परत परत येत होती. आणि त्या वाटीचं काय? आजसुद्धा ती ओट्यावर झाकलेली होती. ती माया होती की आमिष? इतके महिने ज्या गोष्टीचा आधार वाटत होता, तिचाच आता हिशेब लागेना.

वायरमन पॅनेलकडून वळला होता. त्याने कागद पाहिला, आईचं तोंड पाहिलं. घराघरांत फिरणारा माणूस तो, त्याला फार सांगावं लागलं नाही.

"मावशी," तो हळूच म्हणाला, "मागच्या भिंतीत लोखंड आहे, तिथली रेंज येत नाही, असं लिहून देतो. होतं असं कधी कधी. कुणी शिडी लावून बघायला येत नाही."

आईला क्षणभर मोह पडला. तिने सेन्सर हातात उलटा-सुलटा केला.

"नको. ती पोरीची आई आहे. तिची भीती खरी आहे. मला विचारलं असतं ना, तर मीच म्हटलं असतं, बसव बाई." तिने सेन्सर उजेडात धरला. "विचारायचं तरी होतं. घ्या नंबर. चार, शून्य, सात, सात, एक, नऊ."

रिसीव्हरने दोनदा पिपी केलं.

वायरमनने सेन्सर मागच्या दाराच्या चौकटीवर चिकटवला आणि पॅनेलचा आवाज कागदावर लिहिल्याप्रमाणे बंद केला. तो बोळात दिवे तपासत असतानाच दारावर नेहमीसारख्या दोन टिचक्या वाजल्या.

आईने दार उघडलं. घरात कसलाच आवाज झाला नाही.

धाकटा पायरीवर उभा होता, नखांत टायरची काळी धूळ. तो हसला, आणि हसता हसता त्याची नजर वर चौकटीकडे गेली.

"हे कधी बसलं?"

"आत्ताच."

"आमच्या दुकानाच्या शटरला आहे असलंच." तो एक पाऊल मागे सरला. "दादाने बसवलं?"

सूनबाईचं नाव तिच्या ओठांवर आलं होतं. घेतलं असतं तर सुटली असती. पण भावाभावांत एक भिंत होतीच, सुनेत आणि तिच्यात आज दुसरी उभी राहिली, तिथे दीर-भावजयीत तिसरी कशाला, असं वाटून तिने ते गिळलं.

"नंबर मी वाचून दिला," ती म्हणाली. तेवढंच खरं तिला सांगण्यासारखं होतं.

"तू?"

"बस. ताट आणते. सगळं सांगते."

तेवढ्यात दिवाणखान्यातला फोन वाजला. ती आत वळली.

"आई, काय चाललंय?" सूनबाई. तोच रोजचा मऊ आवाज. "सहज केला फोन. जेवलात का?"

"सहज?"

"हो, सहजच."

आई थांबली. दाराशी अडलेल्या लेकराला वाट करून द्यावी तशी ती थांबली. "अजून काही विचारायचंय का गं?"

"नाही हो. गोळी घ्या, एवढंच."

कागदावर वाचलं तेव्हाही आईला इतकं लागलं नव्हतं.

"वायरमन आजच आलाय," ती म्हणाली. "चष्मा विसरलाय तो. तुझा कागद त्याला मीच वाचून दाखवला."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"आई... तिचा हात अजून थंडीत दुखतो. तुम्ही दार उघडता आणि मला इथे कामात..."

"हाताचं मला सांगू नकोस. ते प्लास्टर मी सहा आठवडे उशीवर ठेवलंय. माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडलीस, त्याचं सांग. ते काय होतं?"

"ते खरं होतं," सूनबाई रडत म्हणाली. "देवाशपथ खरं होतं."

"मग खोटं कुठलं मानू?"

उत्तराची वाट न पाहता तिने फोन ठेवला. ओट्यावरची वाटी ताटात उपडी करून, भात-आमटी वाढून, ती लगबगीने मागच्या दाराशी आली.

पायरी रिकामी होती.

"आत्ताच गेले," वायरमन बोळातून म्हणाला. त्याला तिच्याकडे बघवेना. "म्हणाले, येऊ नको म्हणून सरळ तोंडावर सांगायचं होतं तिने."

आई ताट हातात धरून उभी राहिली. इतके महिने तो उंबऱ्याच्या बाहेर आणि ती आत, असंच चाललं होतं. तिने पायांत चपला सरकवल्या, ताटावर ताट झाकलं आणि पायरी उतरली.

"मावशी, दार! दार उघडं राहिलं तर दर मिनिटाला त्यांच्या फोनवर जात राहील."

"जाऊ दे," आई म्हणाली. "कुठे गेली विचारलं तर तेही सांगा."

गल्लीच्या टोकाला त्याची पाठ दिसत होती. ती हाक मारत निघाली, मोठ्याने, चार खिडक्यांना ऐकू जाईल अशी. तो वळून बघत नव्हता. ताटातली आमटी तिच्या मनगटावरून ओघळत होती, आणि ती चालतच होती.